आवाज बसलेला पाळक

चर्चच्या पाळकांचा आवाज इतका दणदणीत होता, की मंडळीने हौसेने आणलेला माईक कपाटातच धूळ खात पडून होता. ते उभे राहून नुसतं "बंधुभगिनींनो" म्हणाले, तरी मागच्या बाकावर डुलक्या काढणारे दचकून ताठ व्हायचे. रस्त्यापलीकडचा न्हावी कुठल्याच चर्चला जात नसे, पण दर रविवारी दाढ्या करता करता त्याला अख्खं प्रवचन ऐकू यायचं, आणि सोमवारी तो ते पदरचं तिखटमीठ लावून गिऱ्हाइकांना सांगायचा. शहरात सगळे त्यांना 'भोंगा' म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात. पण ते नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना ते आवडायचं.

आवडणारच. ते या शहरात आले तेव्हा मंडळी म्हणजे मूठभर म्हातारी माणसं आणि एक बेसूर पेटी, एवढंच होतं. आता एक जुनं कापडाचं गोदाम घेऊन त्याचं सभागृह केलं होतं, तरी उशिरा येणाऱ्यांना भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. लोक लांबून यायचे, ऐकायचे, डोळे पुसायचे. उपासना संपली की पाळक दाराशी उभे राहून सगळ्यांशी हात मिळवायचे. "काय, बरं आहे ना? देव भलं करो. काय, बरं आहे ना?" उत्तर येईपर्यंत त्यांचा हात पुढच्या माणसाच्या हातात गेलेला असायचा.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे. एकदा घरी जाताना ती म्हणाली, "अहो, मघाशी त्या बाई 'बरं नाही' म्हणाल्या, आणि तुम्ही त्यांना म्हणालात 'छान, छान'."

"हो?" पाळक म्हणाले. "कोणत्या बाई?"

बायको पुढे चालू लागली.

घसा खरखरायला लागला तेव्हा पाळकांनी आधी मध चाटला, मग गुळण्या केल्या, मग सरळ दुर्लक्ष केलं. शेवटी एका रविवारी, ऐन रंगात आलेल्या प्रवचनात, आवाज मधेच फाटला आणि बंदच पडला. तोंड हलतंय, हात हलताहेत, आणि बाहेर नुसती हवा. लोकांना आधी वाटलं, पाळक मुद्दाम थांबलेत. मग त्यांचा चेहरा पाहून पुढच्या बाकावरच्या कुणीतरी पाणी आणायला धाव घेतली.

घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, जीव वाचला, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण पट्ट्या सुटल्यावर पाळकांनी पहिला शब्द उच्चारला, तेव्हा खोलीत दुसरंच कुणी बोललं असं त्यांना वाटलं. फरशीवरून पत्रा ओढावा तसा तो आवाज. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या, पण गोडगोड बोलणाऱ्या नव्हत्या. "आता तुमचा आवाज हाच," त्या म्हणाल्या. "जपून वापरलात तर जन्मभर पुरेल. आधी काही आठवडे बोलूच नका. आणि ओरडणं मात्र कायमचं विसरा."

पाळक मान हलवून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. नळ सोडायची तशी गरज नव्हती. त्यांच्या रडण्यालाही आता आवाज उरला नव्हता.

प्रवचनाचं काम सहपाळकांकडे गेलं. सहपाळक तिशीतले, हुशार, मनाने निर्मळ. ते कपाटातला माईक पुसून उभे राहिले आणि बरं बोलले. पाळकांच्या काळजाला तेही लागलं. मंडळी त्यांच्यावाचून अडली असती तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

"तुम्ही काही दिवस ताईंकडे जाऊन या," बायको म्हणाली. "इथे राहिलात तर भिंतींकडे बघून बघून भिंतींना भोकं पाडाल."

पाळकांची थोरली बहीण डोंगरात राहायची. नवरा वारल्यावर सगळ्यांनी तिला कळप विकून टाक म्हणून सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. एक कुत्रा, एक दगडी घर, त्याला लागून कुंपण घातलेलं वाडगं आणि त्यातली मेंढरं, असा तिचा संसार. धाकट्या भावाला बसमधून उतरताना पाहून ती म्हणाली, "ये रे धाकट्या. अगदीच चिपाड झालास की. बोलू नकोस, डॉक्टरांनी नाही म्हटलंय ना? बरं झालं. लहानपणापासून तुझ्यापुढे मला बोलायलाच मिळालं नाही."

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना मेंढरांमागे पाठवलं. बसून खाणारा माणूस तिला खपत नसे, मग तो पाळक असो की बिशप. त्यांनी मोठ्या उत्साहाने टाळ्या वाजवल्या, हात पसरले, आणि मेंढरं चहूकडे उधळली. कुत्र्याने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांना मान खाली घालावी लागली. ताई दाराच्या चौकटीला धरून हसत होती. मग तिने ओठ मिटून घशातून एक हलका हुंकार काढला. मोठा नव्हेच, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तेवढा. मेंढरं वळली आणि खाली यायला लागली.

काही आठवड्यांनी बोलायची परवानगी मिळाली, तेव्हा पाळकांनी तोच हुंकार काढून पाहिला. मेंढरांनी माना वर केल्या, विचार केल्यासारखं केलं, आणि पुन्हा गवतात तोंडं घातली.

"आवाज बरोबर काढलास," ताई म्हणाली, "पण ती तुला ओळखतात कुठे?"

मग ओळख सुरू झाली. पाळक खुरं तपासायला शिकले. मेंढीला बसतं करून तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची, पाय हातात घ्यायचा, खुरातला चिखल काढायचा, सडकं दिसलं तर चाकूने कापून औषध लावायचं. पहिली मेंढी त्यांना उताणं पाडून निघून गेली. चौथी-पाचवी जरा बसली. लोकरीत अडकलेले काटे काढताना बोटं रक्ताळली. अंगात मेंढरांचा वास इतका मुरला, की बायको भेटायला आली तेव्हा तिने दोन पावलं मागे सरून, "अहो, तुम्हीच ना?" असं विचारलं.

सभागृहाच्या भिंतीवर एक चित्र होतं. पांढऱ्याशुभ्र झग्यातला मेंढपाळ, खांद्यावर गुबगुबीत कोकरू. त्या चित्राकडे बोट दाखवून पाळकांनी कितीतरी प्रवचनं गाजवली होती. त्यांनी ताईला त्याचं वर्णन करून सांगितलं. ताईने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "झगा पांढरा? आणि तो धुतो कोण?"

एका दुपारी कळप पाण्यावर निघाला होता. ताई पुढे, कुत्रा बाजूला, पाळक सगळ्यांत मागे. पुढून सारा कळप ठीक दिसत होता. मागून मात्र त्यांना दिसलं, की पांढऱ्या कानाची एक मेंढी मागचा डावा पाय टेकत नाहीये. गर्दीत ती इतरांसारखीच डोलत होती, फक्त दर वळणावर थोडी थोडी मागे पडत होती. त्यांनी ताईला थांबवलं. ताईने मेंढीचा पाय वर घेऊन पाहिला आणि म्हणाली, "माझ्याआधी दिसलं तुला! मला संध्याकाळी वाडग्यात कळलं असतं."

पाळकांना कोण आनंद झाला. ते तिथेच बसले, मेंढीचा पाय मांडीवर घेतला आणि खुरात रुतलेला गारगोटीचा तुकडा अलगद काढायला लागले. आणि काढता काढता त्यांचे हात थांबले. आपल्या मंडळीत आज कोण लंगडतंय? त्यांनी डोळे मिटून सभागृह आठवलं. डोकी दिसली, ओळीच्या ओळी. केस, टक्कल, रुमाल, टोप्या. चेहरे दिसेनात. मग फार वेळाने एक चेहरा आठवला, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा. त्याची बायको वारली होती. पाळकांनीच तिचं दफन केलं होतं. त्यानंतर तो दिसला का? कधी दिसला? आठवेना. माणूस कळपातून गेला कधी हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. मेंढीने पाय हिसडला तेव्हा ते भानावर आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी पाण्याच्या दगडी हौदाजवळ उभं राहून आपल्या त्या पत्र्यासारख्या आवाजात मेंढरांना हाक मारली. ताईचा हुंकार नव्हे, स्वतःची हाक. उतारावरची एक मान वर झाली, मग दुसरी, आणि अख्खा कळप खळाळत खाली आला आणि त्यांच्या गुडघ्यांना घासत हौदाभोवती दाटला. पाळक नुसतेच हसत राहिले. हा आवाज घेऊन जगता येईल, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

ताईला वेगळंच वाटत होतं. "आता राहा इथेच," ती म्हणाली. "सोड ती माणसं. मेंढरं उलट बोलत नाहीत, कमिटी नेमत नाहीत, गाण्याची चाल कोणती घ्यायची यावरून भांडत नाहीत."

"तू चूक आहेस, ताई," पाळक म्हणाले. "भांडतात तीच माझी आहेत."

"मग जा," ती म्हणाली, आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करून आत गेली.

पाळक शहरात परतले, पण व्यासपीठावर चढले नाहीत. प्रवचन सहपाळकच करू देत, असं त्यांनी सांगितलं आणि स्वतः सर्वांत मागच्या बाकावर, उशिरा येणाऱ्यांच्या शेजारी बसायला लागले. स्वयंपाकखोलीच्या बाजूला गल्लीत उघडणारं एक दार होतं. त्याच्यापुढे मोडक्या खुर्च्यांचा ढीग साठला होता. गर्दीतून वाट न काढता गुपचूप ये-जा करता यावी म्हणून पाळकांनी तो ढीग स्वतः उपसला.

आणि आठवडाभर ते हिंडायला लागले. लॉन्ड्रीत जात. तिथे मंडळीतल्या एक मावशी दिवसभर इस्त्री करायच्या. वाफेच्या फुसफुशीत पाळकांचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून ते अगदी टेबलाशी जाऊन उभे राहत आणि मावशी कान पुढे करत. अशा कान पुढे केलेल्या माणसाशी मोठमोठं बोलता येत नाही. पाळक विचारत, "हात कसा आहे?" आणि गप्प बसत. मावशी सांगायला लागत. मग हाताचं निघे, हातावरून मुलीचं, मुलीवरून जावयाचं. बेकरीतल्या आजोबांकडे ते पहाटेच्या पावाच्या वेळी जाऊन बसत. आजोबा ठार बहिरे, कानात यंत्र घालायचे. "तुमचा आवाज मला पूर्वीपेक्षा बरा कळतो," ते एकदा म्हणाले. "पूर्वी तुम्ही उभे राहिलात, की मी यंत्र काढूनच ठेवायचो." पाळकांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि दोघंही पिठाच्या पोत्यांना टेकून हसत राहिले.

घड्याळवाल्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. एक काउंटर, एक दिवा, आणि भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. त्याने डोळ्याला भिंग लावलेलं होतं. वर न बघताच तो म्हणाला, "काय बिघडलंय?"

"काही नाही," पाळक म्हणाले.

त्याने भिंग काढलं. "मग?"

"बसायला आलोय."

"हे दुकान आहे."

"दिसतंय," पाळक म्हणाले आणि स्टुलावर बसले. घड्याळवाला बोलला नाही. पाळकही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून निघून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही आठवड्यात. एकदा घड्याळवाला म्हणाला, "येणारच असाल तर निदान एखादं बंद घड्याळ तरी आणा. लोक काय म्हणतील?" म्हणून पाळकांनी पुढच्या वेळी घरचं गजराचं घड्याळ नेलं. ते उत्तम चालत होतं. घड्याळवाल्याने ते उघडलं, पाहिलं, बंद केलं आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

त्या दिवशी तो बोलला. हातातला चिमटा खाली ठेवून, सावकाश. "बायकोच्या दफनाला तुम्ही फार सुंदर बोललात. लोक अजून आठवण काढतात. तुमचा आवाज अख्ख्या दफनभूमीत घुमत होता." त्याने काउंटरवरचा चिमटा सरळ केला. "पण नाव दुसऱ्याच बाईचं घेत होतात. तीन वेळा."

पाळकांनी सबब सांगितली नाही. त्यांनी विचारलं, "तिचं नाव सांगता मला?"

घड्याळवाल्याने नाव सांगितलं. पाळकांनी ते उच्चारलं, त्या खरखरीत, फाटक्या आवाजात, हळू, एकेक अक्षर जपून. मग पुन्हा एकदा. घड्याळवाल्याने हाताच्या तळव्यांनी तोंड झाकलं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

"कशी होती ती?" पाळकांनी विचारलं.

"भांडखोर," घड्याळवाला म्हणाला आणि रडत रडत हसला. मग दिवा विझवायची वेळ होईपर्यंत तो बायकोबद्दल बोलत होता. पाळक निघाले तेव्हा तो म्हणाला, "या रविवारी येईन. पण मागे बसेन."

"मीही मागेच बसतो," पाळक म्हणाले.

हे सगळं मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या अध्यक्षांना पसंत नव्हतं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. माणूस सरळ आणि मंडळीसाठी मर मर मरणारा, पण सगळं जिथल्या तिथे, ठरल्या वेळी व्हायला हवं. शनिवारी ते घरी आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. "पाळकसाहेब, राग मानू नका. मंडळीला समोर उभा राहणारा माणूस लागतो. लोक विचारतात, पाळक कुठे असतात? मी काय सांगू, लॉन्ड्रीत?"

"सांगा की. खरंच असतो."

"चेष्टेवारी नेऊ नका. बाकं रिकामी पडायला लागलीत. उद्या उपासनेनंतर कमिटी बसतेय. तुम्हाला सन्मानाने निवृत्त करावं, असं माझं मत मी मांडणार आहे. आधी तुमच्या कानावर घालावं म्हणून आलो."

"आधी सांगितलंत, हे चांगलं केलंत," पाळक म्हणाले. ते मनापासून म्हणाले. अध्यक्ष गेल्यावर मात्र ते खिडकीशी जाऊन बसले. बायको शेजारी येऊन बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्हाला काढलं तरी लॉन्ड्रीत जायला कोण अडवणार आहे?"

रविवार उजाडला. घड्याळवाला खरंच आला, इस्त्री केलेला सदरा घालून, आणि पाळकांशेजारी मागे बसला. पहिलं गाणं झालं. सहपाळक बोलायला उभे राहिले. आणि रस्त्याकडच्या मोठ्या दाराच्या वर, जिथे विजेचा बोर्ड होता, तिथे फट्कन आवाज झाला. ठिणग्या उडाल्या. दिवे गेले. बोर्डाखालच्या पडद्याने पेट घेतला, पडद्यावरून लाकडी पट्ट्यांनी, आणि बघता बघता काळा, चिकट धूर छताखालून सभागृहात उतरायला लागला.

ते मुळात गोदाम. खिडक्या उंच आणि चिमुकल्या. लोक उठले आणि नेहमीच्या सवयीने मोठ्या दाराकडेच धावले. दार आतल्या बाजूला उघडणारं. पुढचे ओढताहेत, मागचे ढकलताहेत, आणि दार आहे तिथेच. मुलं किंचाळली. बाकं उलटली. सहपाळक "शांत व्हा! शांत व्हा!" म्हणून ओरडत होते, पण माईक मेला होता आणि ओरडणाऱ्या शंभर गळ्यांत तो एक गळा, कुणाला कळणार?

पाळक भिंतीला धरून स्वयंपाकखोलीकडे गेले आणि त्यांनी गल्लीचं दार उघडलं. उजेडाचा एक पट्टा धुरात शिरला, पण मोठ्या दाराशी अडकलेल्यांच्या पाठी इकडे होत्या. पाळक आत सरकले आणि त्यांनी हाक मारली. ओरडता येत नव्हतंच. त्यांनी जवळात जवळच्या माणसाला थेट हाक मारली. "इस्त्रीवाल्या मावशी! इकडे. माझ्याकडे."

त्या कल्लोळात सगळे आवाज एकमेकांत मिसळून गेले होते. हा एकच निराळा होता, आणि या आवाजासाठी कान पुढे करायची मावशींना महिनोन् महिने सवय लागली होती. त्या गर्रकन वळल्या. "पाळक इकडे आहेत!" त्यांनी बोंब ठोकली. "अहो, दार इकडे आहे!"

"जुळ्यांच्या आई, एकाला उचला, दुसऱ्याला मावशींकडे द्या. बसवाले भाऊ, तुमच्या शेजारच्या आजींना एक डोळा दिसत नाही, त्यांचा हात धरा. शिंपीदादा, खाली वाका, धूर वर आहे. भिंतीला हात लावून या." पाळक एकामागून एक हाका मारत होते, आणि ज्याला हाक जाई तो दचकून वळे. मला? मलाच? आणि वळला, की उजेड दिसे. एक वळला की त्याचा हात धरलेले चौघे वळत. मोठ्या दाराशी घट्ट झालेली गर्दी मागून सुटायला लागली. घड्याळवाला गल्लीत उभा राहून एकेकाला बाहेर ओढून घेत होता.

सगळ्यांत शेवटी, मोठ्या दाराशी चेंगरलेले अध्यक्ष राहिले होते. त्यांना काही सुचत नव्हतं. आयुष्यभर गाड्यांना हिरवा बावटा दाखवलेला माणूस धुरात दोन्ही हात पुढे करून उभा होता.

"अध्यक्ष!" आवाज आला. "उजवीकडे वळा. सावकाश. मधे पायरी आहे, आणि तुमचा डावा गुडघा दुखतो. माझ्या आवाजावर या."

अध्यक्ष त्या आवाजावर आले.

बाहेर गल्लीत सगळे खोकत, रडत, एकमेकांना मिठ्या मारत होते. पाळकांची नजर चेहऱ्यांवरून फिरत होती. आता ती डोकी नव्हती. या बाई आहेत, त्यांचा मुलगा आहे, हे आहेत, ते आहेत. आणि मग ती नजर थांबली. "बेकरीवाले आजोबा कुठे आहेत?"

कुणालाच माहीत नव्हतं. पाळकांना माहीत होतं. आजोबा पेटीच्या शेजारी, सगळ्यांत पुढे बसतात आणि गाणं सुरू झालं की कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात. हाक मारून ते येणार नव्हते.

पाळकांनी गल्लीतल्या नळाखाली रुमाल भिजवला. सहपाळकांनी त्यांचा दंड धरला. "बंब निघालेत, साहेब. पाच मिनिटं थांबा." पाळकांनी दंड सोडवून घेतला. घड्याळवाल्याने आपलाही रुमाल भिजवला. "मी येतो. तुम्हाला ओरडता येत नाही, मी ओरडतो."

"ते बहिरे आहेत हो."

"मग मी काय करू?"

"दुसरा हात धरा."

दोघं गुडघ्यांवर रांगत आत गेले. जमिनीलगत थोडी हवा होती. छतातून जळतं लाकूड तडतडत होतं. पेटीला हात लागला, मग बाकाचा पाय, मग एक बूट, आणि बुटात पाय. आजोबा बाकाखाली अंगाचं मुटकुळं करून बसले होते, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते. पाळकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आजोबांनी डोळे उघडले. धुरात चेहरा दिसण्यासारखा नव्हता, तरी त्यांनी तो हात चाचपला आणि मुकाट्याने पकडला. एका बाजूने पाळक, दुसऱ्या बाजूने घड्याळवाला, मधे आजोबा, असे ते तिघे उजेडाच्या पट्ट्याकडे सरपटत निघाले.

ते दारातून बाहेर पडले तेव्हा गल्लीत जो जल्लोष झाला, तो पाळकांच्या जुन्या आवाजालाही कधी जमला नसता. लोक उड्या मारत होते. अनोळखी माणसं खिडक्यांतून टाळ्या वाजवत होती. आजोबांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं, आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "गाणं संपलं का?" आणि मग तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, काळ्या गालांवरून पांढऱ्या रेघा ओढत.

बंब आले, आग विझली. छताचा निम्मा भाग गेला. माणूस मात्र एकही गेला नाही, कुणाचं बोटही भाजलं नाही.

अध्यक्ष फूटपाथवर बसले होते. थोड्या वेळाने ते उठले, सदरा झटकला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कमिटीची बैठक ठरल्याप्रमाणे होईल. इथेच." पंच मंडळी काजळलेल्या तोंडांनी गोळा झाली. अध्यक्ष म्हणाले, "विषय एकच होता. तो मी मागे घेतो." त्यांनी पाळकांचे दोन्ही हात धरले. "माझा गुडघा दुखतो, हे माझ्या मुलालाही माहीत नाही."

"जिना चढताना तुम्ही कठड्याला धरता," पाळक म्हणाले. "मागे बसलं की दिसतं."

मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. सभोवतीची माणसं दाटीने जवळ आली, कारण जवळ आल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "प्रवचन सहपाळकच करतील. छान करतात. मी हिंडणार. पण माझे दोन पाय किती पुरणार? पंचांनी नुसतं बैठकीत बसू नये. प्रत्येकाने आपल्या गल्लीतली घरं घ्यावीत. जायचं आणि बसायचं. उपदेश करायचा नाही. कोण मागे पडतंय ते बघायचं. पुढारी म्हणून पुढे चालायला मला फार आवडायचं हो. पण मागे राहिलेला माणूस पुढून दिसत नाही."

"मला लॉन्ड्री द्या," अध्यक्ष म्हणाले.

"लॉन्ड्री माझी आहे," पाळक म्हणाले. "तुम्ही बसडेपो घ्या. तुम्हाला गाड्यांचं वेड आहे."

पुढच्या रविवारी छत नव्हतं, म्हणून उपासना शाळेच्या मैदानावर भरली. शाळेने बाकं दिली, उरलेले गवतावर बसले. जे कित्येक महिने फिरकले नव्हते ते आले. कधीच न आलेले आले. बसडेपोतले दोन ड्रायव्हर गणवेशातच आले आणि अध्यक्षांच्या दोन्ही बाजूंना बसले. घड्याळवाल्याने दुकान बंद ठेवून पेटीचा भाता दुरुस्त केला होता. ती पहिल्यांदा सुरात वाजली.

सहपाळकांचं प्रवचन झालं. शेवटी आशीर्वाद देण्यासाठी त्यांनी पाळकांना खूण केली. पाळक रांगांमधून चालत मैदानाच्या मधोमध आले. त्यांनी हात वर केले आणि बोलायला सुरुवात केली, त्याच फाटक्या आवाजात. आणि लोक गप्प झाले. आधी जवळचे, मग त्यांच्या मागचे, मग पार कुंपणापर्यंतचे. आईने मुलाच्या ओठांवर बोट ठेवलं, कुणी खोकला आवरला. इतकी शांतता झाली, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही प्रत्येक शब्द ऐकू आला. पाळकांनी "आमेन" म्हटलं, आणि मैदानावरच्या साऱ्या गळ्यांतून तोच शब्द एकदम, एवढ्या मोठ्याने उठला, की शाळेच्या छपरावरची कबुतरं फडफडत आभाळात गेली.